शंभरपर्यंत

वनिता नेरळजवळच्या कळंबमध्ये घरात बसून अख्ख्या महाराष्ट्राला चष्मे विकायची. कंपनी मुंबईची, गिऱ्हाईक कुठलंही. व्हिडिओवर चेहरा आला की ही सांगणार, "दादा, चेहरा गोल हाय तुमचा, चौकोनी फ्रेम शोभेल." माणसाची हौस किती नि ऐपत किती, याची वजाबाकी ती 'नमस्कार' म्हणेपर्यंत करून मोकळी व्हायची. अडचण एकच होती. संध्याकाळी गावातली पोरं गेमवर नि बाया मालिकांवर बसल्या, की हिचं गिऱ्हाईक उघड्या तोंडानं गोठायचं. नागपूरच्या एका मास्तरांनी जांभई दिली ती तशीच राहिली, आणि नेमकं तेव्हाच कंपनीच्या मॅडम ऑफिसातून त्याच कॉलमध्ये मागून बघत होत्या.

मॅडम गोड बोलल्या. "दसरा झाला की आठवडाभर तुझी संध्याकाळची लाईन तपासणार. अडकली, तर ऐरोलीच्या ऑफिसात येऊन बस. तिथं नेट छान आहे."

ऐरोलीत नेट छान असेल, पण तिथं जायचं म्हणजे अंधारात निघून अंधारात परतायचं. लेकीचा अभ्यास, सासूच्या गोळ्या आणि स्वतःचं गरम जेवण, सगळं खर्ची पडणार. वनितानं किशोरला फोन लावला.

किशोर म्हणजे गावचा केबलवाला. गावात नेटची वायर त्याची एकट्याची, मोबाइलची रेंज गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहिलं तरच. एकटं दुकान असलेल्या माणसाच्या चालीत जो निवांतपणा असतो, तो घेऊन तो भर दुपारी आला.

"जयभीम काकी," त्यानं पुतळाबाईला, वनिताच्या सासूला, हाक दिली आणि चहा येईस्तोवर पंख्याखाली बसला. मग नेटच्या डब्याला खेटून मोबाइल धरला आणि स्पीड मोजला. "बगा वयनी, अठ्ठ्याऐंशी!"

"दुपारी कोन असतं रं नेटवर? संध्याकाळी येऊन बघ."

"संध्याकाळी मी मालिका बगतो."

"म्हंजे तूच अडवतोस."

किशोर हसला. "वयनी, सरकारनं लिवलंय, दोनचा स्पीड भेटला की त्याला ब्रॉडबँड म्हनायचं. मी भर गर्दीत चार देतो. सरकारच्या दुप्पट!"

"आन् पाटीवर शंभर लिवलंस ते?"

"शंभर*पर्यंत* लिवलंय. पुढचा शब्द वाचा की."

चहाचा कप पालथा घालून तो गेला. ज्या सरकारनं शाळेत पस्तीसला पास केलं, त्यानं नेटला दोनवरच पास करावं, याचा वनिताला राग आला. पण राग करून जायचं कुठं? दुसरी वायर होतीच कुठं?

ती आली भाद्रपदात. नेरळचा निलेश शिडी घेऊन खांबाखांबावर चढला आणि गावात त्याची नवी कोरी वायर लोंबली. त्याच्या पाटीवरही शंभरपर्यंतच होतं, पण अक्षर मोठं होतं.

आता किशोर नुसता केबलवाला असता तर काम सोपं होतं. पण जयंतीची लायटिंग त्याची, विहारातल्या कार्यक्रमाचे स्पीकर त्याचे, कुणाच्या घरी मयत झालं तर अंगणात बल्ब टांगायला पहिला तोच. अशा माणसाच्या तोंडावर 'तुझी लाईन काढ' कोण म्हणणार? गावानं गावासारखी वाट काढली. निलेशची वायर मागच्या भिंतीतून आत घेतली आणि किशोरचा डबा पुढच्या खोलीत तसाच मिचमिचत ठेवला, वर क्रोशाचा रुमाल घालून. किशोरचे पैसे जयंतीला भरलेले, थेट दिवाळीपर्यंतचे. म्हणजे भीड राखायला वेगळा खर्च नव्हता.

वनितालाही मागची भिंत दिसत होती. पण पुतळाबाई आडवी आली.

"माज्या घरात दुसरी वायर नको. तुजा सासरा गेला तवा पडत्या पावसात उजेड कुनी केला?"

"आत्या, उजेडाचं मी मानते. पन माझी नोकरी—"

"किशोर बगंल."

किशोर कसला बघतोय! वनितानं मनातल्या मनात ऐरोलीचा डबा भरायला घेतला.

आणि एका संध्याकाळी, ऐन मालिकांच्या वेळेला, सांगलीच्या बाई पडद्यावर आल्या त्या हलत, बोलत, हसत. त्यांच्या कानातल्या कुड्यांचे मोती मोजता आले असते. दुसऱ्या दिवशीही तेच. वनितानं स्पीड तपासला तर ऐंशीच्या वर. किशोर तर दारातूनच छाती काढून गेला, "काय वयनी, कशी केली लाईन? जरा सेटिंग मारली!"

सेटिंग कसली, ते वनिताला शेजारच्या सुरेखाकडे वाटीभर साखर मागायला गेल्यावर कळलं. सुरेखा निलेशच्या डब्याला शिव्या देत होती. "नवी नवलाई आठ दिस गं. आता संध्याकाळी नुसतं गोल फिरतंय. तुजं कसं हाय?"

वनितानं साखर घेतली आणि हिशोब केला. निलेशनं नेरळहून आणलेली लाईन किशोरच्याच मापाची. सगळं गाव उठून तिच्यावर बसलं, म्हणून ती वाकली; आणि किशोरचा रस्ता मोकळा पडला, त्यावर पळणारी हीच एकटी. मन म्हणालं, गप्प बस.

"माझं पन तसंच," ती म्हणाली. "फिरतंय."

आपल्याकडे चांगलं चाललं की बोलू नये, नजर लागते, असं लोक म्हणतात. वनिताचा नजरेवर विश्वास नव्हता. गर्दीवर मात्र पूर्ण होता.

पण घरात पुतळाबाई होती. तिनं पिठाच्या गिरणीत, दळणाच्या रांगेत उभं राहून सांगून टाकलं, "आमच्या सुनंचं नेट कसं पळतंय! तुमी गेलात नव्यामागं. किशोरला सोडलंत, भोगा आता!"

संध्याकाळी सुरेखा कंबरेवर हात ठेवून दारात. "फिरतंय का गं तुजं?"

वनिता हसली, दुसरा इलाज नव्हता. सुरेखाही हसली, पण जाताजाता म्हणाली, "आमचे बी पैसे दिवाळीपतुर भरल्यालेच हायत. रुमाल काढायचा आन् चालू करायचं."

म्हणजे सगळं गाव परत येणार, तेही फुकट, आणि नेमकं दसऱ्याच्या तोंडावर. वनितानं चप्पल घातली आणि किशोरचं दुकान गाठलं.

"किशोर, तुझी लाईन का पळते, ठावं हाय?"

"सेटिंग—"

"तिच्यावरनं कोन जात नाय म्हनून पळते. डबे चालू हायत, मानसं निलेशकडं हायत. तुझ्या मशीनमधी बघ."

किशोरनं बघितलं. एक घर सोडून सगळीकडं आकडा शून्याला टेकलेला. जयंतीच्या मांडवातून माणसं उठून गेल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला.

"मला कुनी बोललं नाय," तो हळूच म्हणाला.

"बोलतील कसं? लाजतात तुला. तुझ्या उपकाराखाली वाकलेत सगळे. दिवाळीला पैसे मागायला जाशील तवा एकेक जन पाव्हन्याकडं गेलेला असेल." मग ती स्टूल ओढून बसली. "उद्या परवा ते परत येतील. निलेशचं आता रडतंय. आले की तुजं बी रडंल, आन् मग पुन्हा जातील. त्यांनी यायच्या आदी नेरळहून मोठी लाईन घे."

"परवडंल का वयनी? सरकार तर दोनच—"

"सरकार तुझ्याकडं नेटचे पैसे भरतंय का रं? आता सरकारचं माप नाय चालायचं, निलेशचं चालंल. तो बी हेच करनार हाय. जो आदी करंल, त्याच्याकडं गाव."

किशोरनं डोकं खाजवलं. उपकाराचा हिशोब त्यानं कधी केला नव्हता आणि स्पीडचा करायची कधी वेळच आली नव्हती. त्यानं फोन उचलला.

मोठी लाईन आली. मागोमाग निलेशनंही घेतली, नाहीतर त्याची शिडी नुसती भिंतीला टेकून राहिली असती. गाव निम्मं इकडं, निम्मं तिकडं झालं. पुतळाबाई म्हणते, किशोरनं बघितलं. तिचं म्हणणं वनितानं खोडलं नाही. तेवढ्यानं घर शांत राहतं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मॅडम रोज मागून बघत होत्या. एकही चेहरा गोठला नाही. शेवटच्या संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "ऐरोलीची खुर्ची दुसऱ्या कुणाला देते." तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक आलं, आणि तो किशोर होता. दुकानात बसलेला, केस विंचरलेले.

"वयनी, वायर जोडताना बारीक दिसत नाय. चष्मा पायजे."

वनितानं त्याला नीट न्याहाळलं. भुवईखालचा तीळ इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसला. "चेहरा लांबट हाय तुजा. गोल फ्रेम घे."

"सूट किती?"

"चाळीस टक्के."

"चाळीस!"

"चाळीस*पर्यंत*," वनिता म्हणाली. "तुला दोन बसतात. पुढचा शब्द वाच की रं."

किशोर असा हसला की शेजारच्या खोलीतून पुतळाबाईनं विचारलं, "कोन गं?" हसता हसता त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि मग, अजिबात न अडकता, मिटलं.