दोन बहिणी, एक काच

"कुठंच रंग धरलेला नाही हो," सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि रंगारीण हातातलं काम टाकून जवळ आली.

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे रंगारीणच म्हणत. गाठींचे तुकडे काचेवर चढवून रंगवण्यात तिची निम्मी हयात गेली होती. आजचा तुकडा मात्र तिच्या धाकट्या बहिणीचा होता. बहीण सकाळपासून बाहेर बाकावर बसून होती. "दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम?" असं बाईंनी विचारलंही होतं, पण ऐकेल ती रंगारीण कसली!

पेशीच्या केंद्रकाला आतून प्रथिनांचं अस्तर असतं. ते शाबूत असलं की त्यावर तपकिरी रंग चढतो. बहिणीच्या गाठीत ते विरलं असेल, तर केंद्रकं वेडीवाकडी होऊन पेशी मिळेल त्या फटीतून पळणार, दुखणं अंगभर पसरणार, ही बाईंना भीती होती. रंगारणीलाही होती. रडू आवरत ती म्हणाली, "आधी माझा तुकडा बघा."

रंगकाम नीट झालंय का याच्या पडताळणीसाठी प्रत्येक काचेवर एक निरोगी तुकडा लावत, आणि तो कित्येक वर्षं रंगारणीचाच होता. तिचं अपेंडिक्स इथंच काढलं होतं, आणि काढल्यावर ते ठणठणीत निघालं! मग वाया कशाला घालवायचं, म्हणून तिनंच ते देऊन टाकलं होतं.

बाईंनी काच सरकवली. "अहो, हाही कोराच!"

"मग मीही गेले की काय?" रंगारीण एकदम हसली. "बाई, माझंच चुकलं. सगळं लक्ष बाहेरच्या बाकाकडे होतं, त्या नादात तुकडे उकळायचेच राहिले. उकळल्याशिवाय रंग कसा धरेल?"

आपल्या चुकीचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. दुपार टळली तेव्हा बाई परत सूक्ष्मदर्शकावर वाकल्या.

"तुमचा चढलाय."

"माझं मेलीचं काय घेऊन बसलात! तिचं सांगा."

बाई उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची तिला दिली. बहिणीच्या तुकड्यात केंद्रकाकेंद्रकाभोवती बारीक तपकिरी कड उमटली होती.

"ऑपरेशन टळत नाही," बाई म्हणाल्या, "पण गाठ पळणाऱ्यातली दिसत नाही. जा, तुम्हीच सांगा तिला."

बाहेर रंगारणीला पाहताच धाकटी पिशवी छातीशी धरून उभी राहिली. रंगारणीनं ती पिशवी आपल्या हातात घेतली.

"चल," ती म्हणाली, "जेवून घेऊ."

धाकटीनं ताईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. कित्येक दिवस तिला घास गिळवत नव्हता.

"चल गं ताई," ती म्हणाली, "भूक लागलीय."