बारावा पेशंट

अहो, बीपी नसलेल्या माणसाचा मला आयुष्यात कधी राग आला नव्हता. पण त्या आठवड्यात जो भेटेल तो मेला ठणठणीत!

झालं असं. मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत इस्त्रीवर आहे. आमच्या ह्यांना बीपी. गोळी रोज घ्यायची आणि जन्मभर घ्यायची. पण दुकानातल्या भावानं ती रोज परवडेना, म्हणून हे एक दिवस गोळी घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी "आज माझी सुट्टी" म्हणून मोकळे व्हायचे. मागच्या महिन्यात अशाच एका सुट्टीला जेवता जेवता नाकातून भळाभळा रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, "नशीब समजा नाकातून आलं, डोक्यात गेलं असतं तर?" तेव्हापासून ह्यांना नुसती शिंक आली तरी मी हातातलं टाकून आधी ह्यांचं नाक बघते.

मार्ग काढला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी. घाऊक दुकानदाराकडे हीच गोळी निम्म्याहून कमी भावात मिळते. पण तो पाकीट फोडून देत नाही, अख्खी पेटी घ्यावी लागते, आणि पेटीमागे बारा पेशंटच्या डॉक्टरी चिठ्ठ्या लागतात. मी लाँड्री पिंजून काढली. धुलाईवाल्या, वाळवणवाल्या, कुणाची सासू, कुणाचा दीर, असे करत ह्यांना धरून अकरा जमवले. अकराच! दुकानदार शनिवारपर्यंत थांबणार, मग पेटी दुसऱ्याला देणार होता. इकडे ह्यांचं पाकीट संपत आलेलं.

मग नर्सबाई रोज जेवणाच्या सुट्टीत बीपीचं मशीन घेऊन लाँड्रीत यायला लागल्या, आणि आम्ही पेशंट शोधायला लागलो.

माझा पहिला डोळा मॅनेजरवर. दिवसभर खेकसणारा माणूस, ह्याला बीपी नसेल तर कुणाला असेल? वर मी मुद्दाम जाऊन सांगितलं, "साहेब, पांढऱ्या चादरींत कुणाचा तरी लाल मोजा गेला, सगळ्या गुलाबी झाल्या." असा किंचाळला की मशिनं बंद पडायची बाकी होती. लगेच दंडाला पट्टा बांधला. नर्सबाईंनी आकडा बघितला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"तान्ह्या बाळासारखं आहे."

कसं असणार नाही? ओरडून ओरडून आपलं सगळं बीपी आम्हाला वाटून टाकतो, स्वतःकडे ठेवतोच कुठे!

मग टेम्पोचा ड्रायव्हर पुढे आला. "मावशी, तुमच्यासाठी काय पण," म्हणाला, आणि जिना चार वेळा खालीवर पळून धापा टाकत खुर्चीत बसला. नर्सबाई म्हणाल्या, "पळून आणलेलं चालत नाही. शांत बसा." थोडा वेळ बसवून मोजलं तर एकदम नॉर्मल. बिचारा इतका ओशाळला की मला सॉरी म्हणाला.

हसून हसून आमची मुरकुंडी वळली होती, पण आतून मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात माझी जोडीदारीण बोलली. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, अशा घड्या घालत आम्ही दोघी म्हाताऱ्या होत आलोय.

"आणि तुझं गं?"

"माझं काय? मला काय धाड भरलीय?"

"रोज डोकं धरून बसतेस."

"ते वाफेनं."

"काल मॅनेजरपेक्षा जास्त ओरडलीस."

"ते त्याच्यामुळे!"

मी पळणार, एवढ्यात तिनं हातातली चादरच माझ्याभोवती गुंडाळली. बाकीच्या धावल्या. गाठोडं करून मला खुर्चीत बसवलं आणि एक हात तेवढा बाहेर ओढला. सगळ्या खिदळतायत, मीही खिदळतेय. नर्सबाईंनी आम्हाला गप्प केलं, मी शांत होईपर्यंत वाट बघितली आणि मोजलं. पट्टा सोडून परत बांधला आणि पुन्हा मोजलं.

"ह्याआधी कधी तपासलं होतंस?"

"नाही!" मी भडकलेच. "तपासून काय करू? कळलं की गोळी घ्यावी लागते. आमच्या घरात एकाची गोळी परवडत नाही, ती पण दिवसाआड सुट्टीवर! दुसरी कुठून आणू?"

बोलले आणि चादरीतच रडू कोसळलं. जोडीदारीण माझे डोळे पुसत होती. तेवढ्यात मागून ड्रायव्हर हळूच म्हणाला, "म्हणजे... बारा झाले?"

आणि जो गलका उठला! कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी "अभिनंदन" म्हणतंय, जोडीदारीण मला चादरीसकट मिठी मारून नाचतेय. मॅनेजर धावत आला. काय झालं विचारलं, तर धुलाईवाली म्हणाली, "हिला बीपी निघालं!" तो आ वासून बघतच राहिला. मला हसू आवरेना आणि रडूही. नर्सबाईंनी दुसऱ्या दिवशी परत मोजलं, मग डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी लिहून दिली. शनिवारी पेटी आली.

घरी मी ह्यांच्यासमोर गोळ्या ठेवल्या.

"मिळाला वाटतं बारावा?" हे खूश झाले. "भलं होवो त्याचं. कोण गं तो?"

"मी."

ह्यांचा चेहरा उतरला. मग एवढंच म्हणाले, "माझ्यामुळे तू तपासलंच नाहीस ना?" मी म्हटलं, "गप्प बसा, बीपी वाढेल."

सकाळी उठते तर हे पाण्याचे दोन पेले भरून उभे. मीच वेंधळी, सवयीनं म्हणाले, "अहो, काल घेतलीत ना? आज तुमची सुट्टी."

ह्यांनी माझ्या तळहातावर माझी गोळी ठेवली. म्हणाले, "बंद झाल्या सुट्ट्या. तोंड उघड."