आठ दिवसांच्या बोलीचं खोगीर

वजनमापं खात्यातल्या निरीक्षकांनी बत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात एक पिंगट घोडी विकत घेतली. त्यांची बायको घरी शिवणकाम करी. तोंडातल्या टाचण्या काढून ती एवढंच म्हणाली, "या वयात लोक गुडघे बदलून घेतात. तुम्ही चार नवे आणलेत."

वर्षभर सुखाचं गेलं. मग घोडीच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही अंगांना, तळहाताएवढं कातडं सोलवटलं. गुरांच्या डॉक्टरांनी नुसतं बोट टेकवलं तर ती शहारली.

"खोगिराच्या पोटात लाकडाचा सांगाडा आहे, तो रुततोय. बिनसांगाड्याचं घ्या, नाहीतर बसणं सोडा."

बसणं सोडण्याची सोय नव्हती. घोडी ज्याच्याकडे ठेवली होती तो तबेलेवाला गोड माणूस होता, पण नियमाचा पक्का. "साहेब, नुसतं उभं राहायला माझ्याकडे खांब आहेत. महिनाअखेर ती चालली नाही, तर जागा रिकामी करा. वीटभट्टीवाला तिला गाडीला जुंपायला मागतोच आहे." घोडीने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. निरीक्षक मात्र दुसऱ्या दिवशीच खोगिरांची दुकानं पालथी घालायला निघाले.

मोठ्या दुकानातलं नवं खोगीर घोडीहून महाग निघालं. दुसरं परवडणारं होतं, पण इतकं मऊ की पोटाखालचा तंग आवळूनही ते बसणाऱ्यासकट घोडीच्या पोटाखाली सरकायचं. तिसरीकडे चामड्याच्या नावाखाली रेक्झिन होतं. शेवटी कोणीतरी मागच्या गल्लीतल्या खोगीरवाल्या बाईंचा पत्ता दिला.

बाई वडिलांचं दुकान चालवत. त्यांनी फळीवरून एक तपकिरी खोगीर काढलं. नव्याच्या पाचव्या हिश्श्यात. स्वस्त मालात माप मारलेलं असतं, हे निरीक्षकांच्या हाडीमासी मुरलेलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, दाबलं, मुडपलं. शिवण चोख होती. फक्त बसायची जागा कोमट लागली, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

"याला हाड नाही," बाई म्हणाल्या. "बसणाऱ्याचा आकार घेतं."

"यात आधीचाच कोणाचा तरी दिसतोय."

"एकांनी दुरुस्तीला टाकलं होतं, न्यायला आले नाहीत. मग मी तीनदा विकलं. तीनदा परत आलं."

"घोड्यांना मानवलं नाही?"

"छे हो, घोडे खूश होते," बाई धागा दातांनी तोडत म्हणाल्या. "घरच्यांनी आणून दिलं."

निरीक्षकांनी पुन्हा एकदा शिवण तपासली. बाईंनी आठ दिवसांची बोली घातली. खोगिराखाली रोज पांढरं कापड घालायचं. घामाचा डाग सारखा उमटला तर दाब सारखा. न पटल्यास आठव्या दिवशी कापडासकट परत. नवव्या दिवशी नाही.

पहिल्याच सकाळी घोडीने लांब श्वास सोडला. एरवी तंग आवळताना चावायला येणारी ती, मान खाली घालून उभी राहिली. निरीक्षक वर बसले. लगाम हलवायच्या आत ती वळली, टाच लावायच्या आत दुडकी धावू लागली. तबेलेवाला बघतच राहिला. "साहेब, कुठे शिकून आलात?"

"वय झालं की येतं," निरीक्षक म्हणाले. पण फेरीभर घोडीचा एक कान, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखा, मागे वळलेला होता, आणि त्यांनी तर तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

घरी त्यांनी कापड पसरलं. बायकोने चष्मा चढवला. "दोघं बसला होतात?"

"अगं, दोघं कसे बसू?"

"मग हे कोण?" तिने बोट ठेवलं. "हा मागचा ऐसपैस डाग तुमचा. तीस वर्षं तुमच्या पँटी शिवतेय, तुमचं बूड मी अंधारातही ओळखीन. पण हा पुढचा? अरुंद आहे. आणि डावीकडे जास्त दाबलेला. या माणसाचा डावा पाय आखूड असणार."

"घाम आहे तो. पसरतो कसाही."

"घाम पसरतो. मापात नाही पसरत."

तिसऱ्या दिवशी मागचा डाग फिकट झाला. पाचव्या दिवशी तो शोधावा लागला. घोडीची जखम मात्र भरली, तिथे मऊ लव आली. तबेलेवाल्याने वीटभट्टीवाल्याला परस्पर नकार कळवून टाकला. निरीक्षकांना इतकं हलकं आयुष्यात वाटलं नव्हतं. तबेल्यातल्या चाऱ्याच्या काट्यावर ते गुपचूप उभे राहिले. वजन तेवढंच होतं, मासाभरही कमी नाही. काटा खरा होता. तो त्यांनी स्वतः तपासला.

आठव्या दिवशी कापडावर एकच डाग होता. अरुंद.

"आजच्या आज परत करून या," बायको म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून निरीक्षक दचकले. "दुसरं बघू. मी शिवते हवं तर."

ते खोगीर खांद्यावर टाकून निघाले खरे, पण वाट तबेल्यावरून जात होती. घोडीने दारावरून मान बाहेर काढली आणि त्यांच्या खांद्याला नाक लावलं. खांद्याला की खोगिराला, हे निरीक्षकांनी नीट पाहिलं नाही. त्यांना डोळ्यांपुढे वीटभट्टीची गाडी दिसली. खोगीर त्यांनी खुंटीला अडकवलं आणि घरी येऊन, आयुष्यात पहिल्यांदा, खोटं माप दिलं. "केलं परत."

बायकोने मान डोलावली, घरीच राहिलेल्या कापडावरचा डाग पेन्सिलीने आखला आणि ते कपाटात ठेवलं. पुढे दोन आठवडे निरीक्षक रोज त्याच खोगिरावर बसले.

मग एका दुपारी निरीक्षक जुनी पँट हातात घेऊन मशीनपाशी आले. "ही ढगळ होतेय गं. आणि डावा पाय अर्धा इंच कमी कर, टाचेखाली येतो."

तिचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. ती उठली, कपाटातून आठव्या दिवसाचं कापड काढलं, पेन्सिलीने आखलेल्या डागाला टेप लावला, आकडे पुटपुटली. मग तोच टेप नवऱ्याला लावला. बैठक, डावी मांडी, उजवी मांडी. दोराभरही फरक नव्हता.

खिडकीतून ऊन येत होतं. ते छान ताठ उभे होते, ज्याचा घोडा चांगला चाललाय अशा माणसासारखे, डावी टाच जराशी उचलून.

ती मशीनपाशी परतली. गिऱ्हाइकांची वही उघडली, पेन्सिलीला थुंकी लावली, आणि परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीने, वर न बघता विचारलं,

"नाव काय लिहू?"

निरीक्षकांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग खूप विचार केला.