फिरवलेली खोली

"ही आमची खोली नाही," मिस्टर हॅस्केट दारातच म्हणाले.

खोली तीच होती. आमच्या घराची मागची, समुद्राकडची, हिरव्या दाराची. माझ्या जन्माच्या आधीपासून ते आणि त्यांची बायको, मिस डोरी, दर हिवाळ्यात कॅनडातला बर्फ मागे टाकून इथे आमच्या बेटावर येऊन राहायचे. पाहुण्यांसाठी आमच्याकडे तीन खोल्या, पण या एकीला आमच्या पॅरट गलीतलं शेंबडं पोरसुद्धा 'हॅस्केटांची खोली' म्हणतं. मिस डोरींना मूलबाळ एकच, ग्लेन, तोही मोठा झालेला. म्हणून सगळी हौस माझ्यावर. मला 'कॅप्टन' म्हणायच्या. पोहायला त्यांनीच शिकवलं, म्हणजे त्या वाळूत उभ्या राहून "पाय मार, पाय मार!" ओरडायच्या आणि मी बुडायचे.

गेल्या ईस्टरच्या सुमारास त्या तिकडेच वारल्या. फोन आला, आणि मम्मीने त्यांचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं! सख्ख्या बहिणीची घालावी तशी मरणानंतरची नववी रात्र घातली. तळलेले मासे, पाव, पांढरी रम, सोंगट्या आपटत डॉमिनो खेळणारे म्हातारे, चर्चमधली जुनी गाणी. आणि शेवटी, करतात तशी, खोली फिरवली. पलंग या भिंतीचा त्या भिंतीला, आरसा उलट्या अंगाला, खिडकीपुढे कपाट, नवे पडदे, आणि आतून थेट अंगणापर्यंत झाडू. मेलेलं माणूस नवव्या रात्री आपली खोली बघायला येतं. ओळखीचं काही दिसलं नाही, की समजतं, इथलं आपलं संपलं, आणि देवाकडे जातं. ओळखीचं दिसलं तर तिथेच बसतं. मग त्याचा डपी होतो, भूतच म्हणा, आणि घरात डपी असणं कुणालाच मानवत नाही.

गलीतल्या बायका डोळे पुसत मम्मीला म्हणाल्या, "व्हिनेट, रक्ताच्या माणसाचं करावं तसं केलंस गं."

त्या फिरवलेल्या खोलीच्या दारात आता मिस्टर हॅस्केट उभे होते. मागे ग्लेन, आणि रस्त्यावर इंजिन चालू ठेवून थांबलेली टॅक्सी.

खरं तर मी जिंकत आले होते! ग्लेनने दोघांसाठी कुंपणात जागा धरून ठेवली होती. कुंपण म्हणजे आमच्या शेजारचं ते मोठं हॉटेल. त्याला इंग्रजी नाव आहे, पण गलीत कुणी ते घेत नाही. एकदा पैसे भरले की खाणं, पिणं, नाच, नर्स, सगळं त्यातच. मनगटाला निळा पट्टा बांधतात, तो असेपर्यंत तुमच्याकडे कुणी काही मागत नाही. मिस्टर हॅस्केटांचं म्हणणं, आधी खोली बघतो, मग ठरवतो. त्यांचे पाय सुजले होते, श्वास अर्ध्यातच अडकत होता. आणि मी कोण? यंदा वादविवादात जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत पहिली. परीक्षकांनी हात जोडून सांगितलेलं, "बाळ, आता दुसऱ्यांनाही बोलू दे." टॅक्सीपासून पडवीपर्यंत मी ग्लेनला धुऊन काढलं.

"तिथे सहा जेवणघरं आहेत," तो म्हणाला.

"आणि सहाही ठिकाणी एकच चव. आमचे मास डेस्बर्ट तिथे पहारा करतात, जेवायला घरी येतात!"

"नर्स आहे."

"ती आमच्याच गलीची. रोज याच दारावरून जाते. हाक मारली की आत."

"लिफ्ट आहे."

"आमच्याकडे जिनाच नाही!"

मिस्टर हॅस्केट खोकला येईपर्यंत हसले. "ग्लेन, गप्प बस बाबा. कॅप्टनपुढे तुझं काही चालायचं नाही."

आणि मग मम्मीने हिरवं दार उघडलं.

ते आत आलेच नाहीत. हात पुढे करून हवेतच काहीतरी चाचपलं. "डोरीची खिडकी कुठे गेली?"

पलंग खिडकीला लागून असायचा. मिस डोरी सकाळी पडल्या पडल्या हात लांब करून आपला कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या. त्यात रानकारल्याच्या पाल्याचा काढा. रक्त साफ होतं म्हणून मम्मी आम्हाला पाजते तोच. तोंड वेडंवाकडं करायच्या, पण कधी ओतून दिला नाही. कट्ट्याच्या लाकडावर त्या कपाचा काळपट गोल उठला होता. आता त्याच्यापुढे कपाट उभं.

"खोली फिरवली आम्ही," मम्मी म्हणाली, अभिमानानेच म्हणाली. "सगळं रीतसर केलं, मिस्टर हॅस्केट. त्या आता इथे परत यायच्या नाहीत. सुखाने गेल्या."

"परत यायची नाही?"

"नाही. अजिबात काळजी करू नका."

त्यांनी मम्मीकडे पाहिलं. रागाने नाही; राग परवडला असता. "व्हिनेट," ते म्हणाले, "मी एवढ्या लांब त्यासाठीच आलो होतो." मग टोपी घातली. "चल, ग्लेन."

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. पण कपाटाविरुद्ध बोलणार काय?

त्या दिवशी मम्मी पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसली. दाणे टोपलीत, टरफलंही टोपलीत. मग सगळं पुन्हा निवडायचं.

"खोली परत होती तशी करू या," मी म्हटलं.

"वेड लागलंय? लावलेलं दार कुणी उघडतं का?"

"मिस डोरीच तर आहेत. काय करतील? ओरडतील, पाय मार, पाय मार!"

"मेलेल्याची माया वाईट असते, टमोया. त्यांचा जीव सगळ्यात जास्त तुझ्यावर. येऊन डोक्यावरून हात फिरवला, तर ताप चढेल तो उतरायचा नाही. तुझ्या मावशीचं पोर असंच गेलं."

"मी काय पाळण्यातली आहे?"

"बक्षीस मिळालं म्हणजे अक्कल मिळत नाही. शेंगा घे."

दुसऱ्या दिवशी ती मासे आणायला गेली आणि रिकामी टोपली घेऊन आली.

"कुंपणाच्या जाळीतून दिसले मला ते," ती म्हणाली. "सगळी माणसं समुद्राकडे तोंड करून पसरलेली, आणि हे आपल्या घराकडे खुर्ची वळवून बसलेले. तिथल्या दोन नोकर पोरांनी येऊन, हसत हसत, ती समुद्राकडे केली. पोरं गेली, की यांनी पुन्हा वळवली." मग हिरव्या दाराकडे गेली. "बघत काय बसलीस? पलंग धर त्या बाजूने."

आम्ही कपाट ओढलं, आरसा हलवला, जुने पडदे धुऊन लावले. सगळं झाल्यावर मम्मीने मला जवळ घेतलं आणि गणवेशाच्या आतून एक लाल चिंधी टाचली. लाल रंग असला की डपी हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक कुंपणाच्या फाटकाशी. वाळूत जाळीचं फाटक आहे, त्याला बारा महिने कुलूप, आणि पलीकडे मास डेस्बर्ट गणवेशात. रविवारी चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावरून खर्जात गातात तेच.

"मास डेस्बर्ट, उघडा ना."

"चल, पळ. गलीत भेट, मिठी मारीन. इथे मी तुला ओळखत नाही."

"मग न ओळखणाऱ्या मुलीचा निरोप आत द्या. मिस्टर हॅस्केटांना."

"जिभेला हाड नाही हिच्या," पुटपुटत गेले. पण गेले.

मिस्टर हॅस्केट सावकाश आले. निळा पट्टा मनगटात रुतला होता.

"खोली होती तशी केली," मी एका दमात सांगितलं. "पलंग खिडकीशी. कपाट गेलं. पडदे जुनेच."

"आणि तो गोल?"

"आहे. बोट फिरवून बघितलं मी."

त्यांनी जाळीला कपाळ टेकवलं. "इथे वाईट काही नाही गं. मागेन ते देतात. उठल्यापासून विचारतात, सगळं छान ना, सगळं छान ना. रात्री झोप लागली का, ते कुणी विचारत नाही."

"लागली का?"

"नाही."

तेवढ्यात ग्लेन आला. "डॅड, डॉक्टरांनी चालायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि बाहेर जायचं तर हॉटेलचीच गाडी, त्यांची परवानगी. पुढच्या आठवड्यात बघू." मग माझ्याकडे वळला. डोळे लाल होते. त्याचीही आईच गेली होती. हळू आवाजात म्हणाला, "तू हुशार आहेस. मग सांग, एका खिडकीपाशी मरणाची वाट बघत बसायला मी त्यांना सोडून देऊ?"

उत्तराची वाट न बघता त्याने वडिलांचा दंड धरला आणि त्यांना घेऊन निघाला.

जाता जाता मिस्टर हॅस्केट वळले. "कॅप्टन, मम्मीला सांग, सकाळी काढा उकळून ठेव. दोन कप."

सकाळी उत्तरेचा वारा सुटला होता. तो सुटला की समुद्र खवळतो, आमचे कोळी होड्या वर ओढतात आणि जाळी शिवत बसतात. मम्मीने काढा उकळला, दोन कप कट्ट्यावर ठेवले, आणि मी रस्त्याकडे बघत राहिले. गाडीने येतील असं वाटलं होतं. ते नेहमीच्या वाटेने निघाले होते, वाळूवरून, मिस डोरींबरोबर फेरी मारून यायचे तसे. फक्त त्या वाटेवर गेल्या वर्षी कुंपणाने खडकांचा बांध घातलाय, पाण्यात आतपर्यंत, आणि वर जाळी. फाटकाला कुलूप. मग वळसा पाण्यातूनच.

कोळ्यांना ते बांधाच्या अलीकडे सापडले. आमच्या बाजूला. बूट भिजू नयेत म्हणून लेस बांधून गळ्यात अडकवले होते.

मम्मीने चादर आणेपर्यंत कुंपणाची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. मनगटावरचा पट्टा बघितला आणि उचलून आत घेऊन गेली. त्यांचा पाहुणा.

संध्याकाळी मास डेस्बर्ट अंगणात आले, टोपी काढून उभे. "व्हिनेट, देवाशपथ, मी जागा होतो. पण आम्हाला आत येणाऱ्यांना अडवायला ठेवलंय. बाहेर कोण जातं ते बघ, असं कुणी सांगितलंच नाही."

मम्मीने त्यांना बसायला खुर्ची दिली. दुसरं काय देणार?

ग्लेन वडिलांचा देह घेऊन परत गेला. आमच्याकडे आला नाही. फाटकावर आता पाटी आहे: बाहेरचा भाग पाहुण्यांसाठी सुरक्षित नाही.

नववी रात्र आम्ही त्यांचीही घातली. मासे, पाव, रम, गाणी. मास डेस्बर्ट खर्जात गायले आणि मध्येच थांबले. आणि मग गलीतली सगळ्यात म्हातारी, मिस इसिल्डा, काठी टेकत हिरव्या दाराशी आली. मागे बायका, बाह्या वर करून.

"चला गं, पलंग धरा."

मम्मी उंबऱ्यात उभी राहिली. "नको."

"नको म्हणजे? ते येतील, सगळं ओळखीचं बघतील आणि बसतील इथेच!"

"बसू देत."

"व्हिनेट, घरात तरणी पोर आहे तुझ्या!"

मम्मीने माझ्याकडे पाहिलं. "एकदा रीतीने फिरवली मी," ती म्हणाली. "माणूस दारातून परत गेला."

बायका कुजबुजत पांगल्या. मिस इसिल्डाने जाता जाता उंबऱ्यावर मूठभर मीठ टाकलं, आतलं बाहेर येऊ नये म्हणून. सकाळी मम्मीने ते झाडून टाकलं.

परवा एक तरुण जोडपं आलं, पाठीवर पिशव्या, हातात फोन. हॉटेलात जावं की घरगुती ठिकाणी, त्यांचं ठरत नव्हतं. आमच्या बाकीच्या दोन्ही खोल्या बघितल्या, नाक मुरडलं नाही, पण खूशही दिसले नाहीत. मग बाईने हिरवं दार ढकललं.

"अय्या, ही किती छान! समुद्र दिसतो. ही द्या ना."

"भरलेली आहे," मी म्हटलं.

तिने आत डोकावलं. नीट घातलेला पलंग, जुने पडदे, कट्ट्यावर दोन कप. "आत तर कुणीच नाही."

मी दार ओढून घेतलं. त्यांनी फोनवर काहीतरी बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि कुंपणाच्या रस्त्याला लागले.

मम्मी अजून रोज माझ्या कपाळाला हात लावून बघते, ताप आहे का. लाल चिंधी मी केव्हाच उसवून टाकलीय. तिला सांगितलेलं नाही.