घाणीच्या बादलीत फुलं

नाकाला रुमाल लावून बसा, मित्रांनो. मी एक जुनी बादली आहे, आणि माझं आयुष्य काही विहिरीचं गोड पाणी वाहण्यात गेलेलं नाही. एका ख्रिस्ती मठाला लागून आजाऱ्यांची एक लांबट खोली आहे. तिथली घाणीची बादली ती मी. ओकारी, पू, मलमूत्र, जखमांच्या चिकट पट्ट्या, सगळं माझ्याच पोटात. ऐकूनच तोंड वाकडं केलंत ना? मग जिच्या पोटात ते जातं तिचा विचार करा.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. बूड दुहेरी घातलं, कडी जाड तारेची बसवली. दुकानात माझ्या शेजारी माझीच जुळी बहीण होती. तिला गवळ्याने नेलं, मला मठाने. नशीब ज्याचं त्याचं.

त्या मठात एक रीत होती. सगळ्यात नवीन आलेल्या ब्रदरने घाणीची बादली उचलायची. पुढचा नवीन आला की त्याची सुटका. किती नवे आले आणि सुटले! दोन बोटांनी कडी धरायचे, मान फिरवायचे, आणि मीच काही गुन्हा केल्यासारखं मला मोरीत आपटायचे. नीट धुवायचं कोणी नाही. माझ्या काठाला वाळलेल्या घाणीचे थर चढले होते. मला स्वतःचीच शिसारी यायची.

मग एक ठेंगणा, मोठ्या कानांचा माणूस आला. आधी तो तबेल्यात घोड्यांची निगा राखायचा. तो मला रोज राखेने घासायचा. जखमा धुताना घाईने नव्हे, हळू हात फिरवायचा. काही दिवसांनी दुसरा नवीन ब्रदर आला. हा माझी कडी सोडेना. म्हणाला, "थांब जरा, माझा हात अजून बसला नाही. शिकू दे मला." पुढचा आला, त्यालाही तेच. त्याचे केस पिकले तरी मठात त्याला सगळे 'नवा ब्रदर' म्हणायचे.

स्वयंपाकघरातला आचारी ब्रदर त्याला चिडवायचा, "काय नवे, दात पडल्यावर तरी जुने होणार का?"

"पडू देत की. तुझा पाव चावायची शिक्षा तरी संपेल."

आता एक गोष्ट नीट ऐका. पुढे लोक सांगू लागले की त्याला त्या घाणीचा सुगंध यायचा. साफ खोटं! मी त्याच्या हातात होते. त्याला रोज उमळून यायचं. डोळ्यांत पाणी यायचं. थोडा वेळ तो खिडकीशी उभा राहायचा, आणि मग परत खाटेपाशी यायचा.

खिडकीजवळच्या खाटेवर एक गवंडी होता. परांचीवरून पडून त्याचे पाय गेले होते, आणि पडून पडून पाठीला मोठी जखम झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम रोज धुवायची, नाहीतर विष रक्तात जाईल आणि माणूस हातचा जाईल. गवंड्याचं तोंड फार वाईट.

"ए नव्या, कुठे मेला होतास इतका वेळ?"

"तुमच्यासाठी पाणी तापवत होतो, महाराज. आता वळा त्या कुशीवर."

एका साथीत नवा ब्रदर तापाने गेला, आणि मठाबाहेर गर्दी उसळली. जिवंतपणी ज्यांनी त्याला वास येतो म्हणून रस्ता बदलला, तेच आता त्याच्या झग्याच्या चिंधीसाठी एकमेकांना कोपरं मारत होते. एकाने तर त्याची नखं कापायला कात्री आणली होती! झगा संपला तेव्हा त्यांना माझी आठवण झाली.

मला लिंबाने घासलं, प्रार्थनालयात काचेच्या पेटीत ठेवलं आणि माझ्यात फुलं भरली. मठप्रमुख फादरांनी सांगितलं, "संताच्या हातची ही बादली. हिला आता घाण लागता कामा नये." बायाबाप्ये पेटी उघडून माझ्या काठाचे मुके घ्यायचे. एकाची लाळ पुसली जात नाही तोवर दुसऱ्याची. फुलं कुजून त्यांचं बुळबुळीत पाणी झालं, तर एका सद्गृहस्थाने त्यात बोट बुडवून ते डोळ्यांना लावलं. मित्रांनो, मी जन्मभर पू वाहिला, पण इतकी किळस मला कधी आली नव्हती.

आजाऱ्यांच्या खोलीसाठी दुसरी बादली आणली. ती उचलणार कोण? नव्या ब्रदरांनी हात जोडले. "एवढ्या मोठ्या संताची जागा आम्ही कशी घ्यावी? आमची काय लायकी!" नम्रपणाचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. आचारी ब्रदर म्हणाला, माझे हात अन्नाचे. ती बादली कोपऱ्यात कोरडी राहिली. खोलीतून दुर्गंधी येऊ लागली, तसं त्यांनी दार लावून घेतलं आणि वेदीपाशी धूप वाढवला. गवंड्याच्या शिव्या मला भिंतीपलीकडून ऐकू यायच्या. मग त्याही येईनाशा झाल्या.

एका रविवारी गवंड्याची मुलगी बापाला भेटायला आली. थोड्याच वेळात ती भर प्रार्थनेत शिरली. तिच्या ओच्यात काळ्या पडलेल्या पट्ट्या होत्या. तिने पेटी उघडली, मला उपडं करून फुलं फरशीवर ओतली आणि पट्ट्या माझ्यात टाकल्या.

"अहो बाई!" फादर ओरडले. "संताची बादली आहे ती!"

"मग संताचं काम करू दे की तिला. माझ्या बापाच्या पाठीत अळ्या पडल्यात, फादर. त्याला ताप चढलाय."

"पाप लागेल गं!" कोणीतरी बाई किंचाळली.

"लागू दे. मावशी, तुम्ही मुके घ्या, मी पाणी तापवते."

कोणी हललं नाही. मग मागच्या बाकावरून आचारी ब्रदर उठला. मान खाली घालून पुढे आला आणि माझी कडी धरली. "द्या ताई. चूल पेटलेलीच आहे."

त्या दोघांनी मिळून जखम धुतली. आचारी ब्रदरला दोनदा बाहेर पळावं लागलं, दोन्ही वेळा तो परत आला. फादर दाराशी नाक धरून उभे राहिले. आत आले नाहीत, पण दार पुन्हा लावूही दिलं नाही. रोज धुणं सुरू झालं, आणि आठवडाभराने ताप उतरला. गवंड्याने डोळे उघडून पहिली शिवी आचाऱ्याच्या सुपाला दिली, तेव्हा मुलगी हुंदके देत हसली.

मित्रांनो, एखादा भला माणूस गेला तर त्याच्या वस्तूंना हार घालू नका. त्याचं कोणतं काम पडून राहिलंय ते बघा. ते बहुधा घाणेरडंच असेल. किळस येईल, येऊ द्या, त्यालाही यायची. माणसाला दारामागे कुजत ठेवून दारापुढे धूप जाळू नका, एवढंच माझं मागणं. आता बोलणं पुरे झालं. मी काठोकाठ भरले आहे, कोणीतरी उचला.