ओढणीवरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावर सुखीबाईच्या घरी राहतो. पंचवीस वर्षांपूर्वी अख्ख्या तांड्यात मी एकटाच होतो, आजच्या मोबाइलसारखा कोणाच्याही खिशात लोळत नव्हतो. असं सुखीबाई सांगते. मला स्वतःला काही आठवत नाही.

सुखीबाईच्या लेकीनं, वर्षानं, लग्नाआधी माझ्यात ढावलो गाऊन भरून ठेवला होता. ढावलो म्हणजे नवरी माहेर सोडताना रडत गाते ते गाणं. पुढे वर्षा आजारात गेली. तिची लेक राखी आजीजवळ वाढली. मी बंद पडलो आणि माझ्यावर गोधड्या चढल्या. दहा वर्षं कोणी फडकंसुद्धा मारलं नाही.

यंदा राखीचं लग्न ठरलं. तिला आईचाच ढावलो म्हणायचा होता. म्हणून आर्णीचा मोईन मिस्त्री आला. त्यानं माझे स्क्रू खोलले, कटकट करणारी जुनी डिस्क काढली, नवी बसवली, बटण दाबलं. मी सुरू झालो!

"पाह्य, माह्या घरची वस्तू हाय! अशी मरते काय?" म्हणत सुखीबाई गूळ वाटायला निघाली. मोईन मागून ओरडला, "याडी, जुनीतलं नवीत भराची वायर यवतमाळहून आणतो. सोमवारी येतो." तांड्यात आईला याडी म्हणतात, तोही म्हणतो. पण ती दाराबाहेर गेली होती.

सोमवारी मोईननं विचारलं, "याडी, जुनी डिस्क कुठी हाय?"

"तिचं आता काय काम? नवी बसवली ना तू?" सुखीबाईनं ऐटीत राखीची ओढणी उलगडली. जुन्या कपड्याचे आरसे काढून नव्यावर लावायचे, ही तांड्याची रीत. तिनं डिस्क हातोडीनं फोडली होती. आतली लखलखती चकती ओढणीवर शिवली होती, मधल्या भोकावर कवडी. "पोरीच्या डोक्शावर तिच्या मायचा आरसा. कसा दिसते?"

मोईननं हातातली वायर खाली ठेवली. "याडी, गाणं त्या डिस्कमधेच होतं."

"मंग टाके उसवतो. बसव परत," सुखीबाई म्हणाली.

"नाही बसत आता."

"काहून नाही बसत? मिस्त्री हायेस का कोन हायेस तू?" ती कडाडली. मग त्या चकतीवरून बोट फिरवत राहिली.

राखीनं माइक जोडला. "नानी, तू म्हण. तुले येते ना?"

सुखीबाई गायली. शेवटच्या कडव्याला थांबली. ते वर्षानं स्वतः जोडलं होतं, आईला कधी नीट शिकवलं नव्हतं. राखीनं बटण बंद केलं नाही. पुढे नुसता सुखीबाईच्या बांगड्यांचा आवाज आहे. तो मी जपून ठेवला आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू फोडण्याआधी एकदा विचारा, हिच्या पोटात कोणी आहे का?

लग्नात सगळे म्हणाले, आरसा काय चमकतो! राखी ढावलो म्हणत होती. शेवटच्या कडव्याला तीही थांबली आणि तिनं ओढणी कानाशी धरली.