बांधाचा विसार

पेणजवळच्या हमरापुरात बायजाबाईला मान होता तो तिच्या हातामुळे. गणपती साच्यातून निघाला, वाळला, घासून रंगवला, तरी त्याचे डोळे काढायचे राहतात. त्या कामाला तिकडे आखणी म्हणतात. बायजाबाई कुंचला घेऊन आखणीला बसली की कारखान्यातला रेडिओ कुणीतरी आपणहून बारीक करी. कारखाना म्हणजे घरामागची लांब पत्र्याची शेड. नवरा गेल्यावर तो मुलगा हितेश चालवू लागला होता. घरचंच काम असलं तरी आखणीची मजुरी बायजाबाई नगावर मोजून घेई. नवरा होता तेव्हाही घेई आणि तोही कुरकुर न करता देई.

अशी ही बाई रोज सकाळी चुलीवर चहाचं आधण ठेवून मोबाईलवर गेम खेळत बसते, हे कळलं तेव्हा शेजारणींना हसू आवरेना. बायजाबाईने कुणाला काही समजावून सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंही आणि नव्हतंही.

गेम बागेचा होता. आपल्याला एक जमिनीचा तुकडा मिळतो, त्यात झाडं लावायची, पाणी घालायचं, फळं उतरवायची. शेजारी दुसऱ्या कुणाचा तुकडा असतो आणि मध्ये बांध. बायजाबाईच्या बांधापलीकडचा तुकडा तिच्या मुलीचा, नमिताचा. नमिता रोह्याला दिली होती. नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. गेम तिनेच आईच्या मोबाईलमध्ये घालून दिला होता. बांध उघडा ठेवायचा तर महिन्याला पास काढावा लागे. पास असला की एकमेकींच्या जमिनीत जाता येई, नसला की बांधावर कुंपण पडे आणि पलीकडचं काही दिसत नसे.

गणपतीनंतर नमिताच्या पोटातलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. तेव्हापासून ती बोलेनाशी झाली. आईने फोन केला की "बरी हाय" म्हणायची आणि दोन-चार वाक्यांत ठेवून द्यायची. तिची सासू सीताबाई वाईट नव्हती, पण तिलाही सुनेच्या मनाचा थांग लागत नव्हता. पेणहून रोहा काही लांब नाही, बायजाबाई दोनदा जाऊन आली. लेक समोर बसून राहिली, भिंतीकडे बघत.

पण रोज सकाळी बायजाबाईच्या बागेत झाडांना पाणी घातलेलं असे. कधी फळांची टोपली बांधावर ठेवलेली असे. ते बघितलं की बायजाबाईच्या जिवात जीव येई. पोर उठली, पोरीला आपली आठवण झाली, आजचा दिवस तिचा बरा जाईल. मग ती पलीकडे जाऊन नमिताच्या झाडांना पाणी घाली. एवढंच काय ते दोघींचं बोलणं उरलं होतं.

पासाचे पैसे बायजाबाई नाक्यावरच्या पिंकीच्या दुकानात रोख देई. पिंकी रिचार्ज करायची, मोबाईलच्या काचा बदलायची, आणि ज्यांना जमत नाही त्यांची ऑनलाइन कामं दहा रुपये घेऊन करून द्यायची. पहिल्या महिन्यात पैसे भरल्यावर ती म्हणाली होती, "झालं मावशी, बुकिंग झालं तुमचं."

ते बुकिंग बायजाबाईच्या डोक्यात पक्कं बसलं. कारण हमरापुरात बुकिंगचा अर्थ एकच. गिऱ्हाईक माघात येतं, मूर्ती पसंत करतं, थोडे पैसे आगाऊ ठेवतं. त्याला विसार म्हणतात. एकदा विसार घेतला की भाव ठरला. पुढे माती महागो, रंग महागो, मजुरी वाढो, त्या गिऱ्हाइकाला मूर्ती ठरल्या भावातच द्यायची. एका वर्षी रंगाचे भाव इतके वाढले की बायजाबाईच्या नवऱ्याला शंभर मूर्ती तोट्यात द्याव्या लागल्या. त्याने दिल्या.

म्हणून माघाच्या शेवटी पिंकीने पासाचे तीस रुपये जास्त सांगितले तेव्हा बायजाबाईला आधी वाटलं पोरीची मोजण्यात चूक झाली. महिन्याभरापूर्वी दहा वाढले होते, ते तिने दुकानाचे समजून दिले होते.

पिंकीने मोबाईल पुढे धरून दाखवला. म्हणाली, कंपनी बाहेरची आहे, तिचा भाव डॉलरमध्ये आहे. डॉलर वर गेला, रुपया खाली आला. तिकडे आकडा तोच आहे, आपल्याकडे जास्त कापतात. आणखी कर आहेच.

"माझा विसार हाय," बायजाबाई म्हणाली.

"काय हाय?"

"तूच बोललीस बुकिंग झालं. बुकिंग झाल्यावर भाव बदलतात व्हय? मी कुणाच्या मूर्तीचा बदलला का कधी?"

दुकानात काच बदलायला आलेले दोन पोरगे हसले. पिंकी हसली नाही. तिने खूप सांगून पाहिलं की ते बुकिंग म्हणजे नुसतं त्या महिन्यापुरतं. बायजाबाईचं म्हणणं एकच, कंपनीला कळव. शेवटी पिंकीने तिचं म्हणणं मोबाईलवर टाइप करून कंपनीला पाठवलं. तिकडून उत्तर आलं ते इंग्रजीत, खाली एक हसरं तोंड. पिंकीने वाचून सांगितलं की कंपनी आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहे.

बायजाबाई पैसे न भरता घरी आली. तीस रुपयांनी ती खचणार नव्हती. पण ज्याने शब्द मोडला त्याला पैसे मोजायला तिचा हात पुढे होईना. वाटेत तिला वाटलं होतं, एक-दोन दिवसांत कंपनीला चूक कळेल. दुसऱ्या सकाळी गेम उघडला तर बांधावर लाकडाचं उंच कुंपण होतं. तिची झाडं कोरडी होती.

त्या दिवशी तिने तीन मूर्तींचे डोळे बिघडवले. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढले, तरी एका मूर्तीची नजर तिरकी राहिली. कारखान्यात काम करणारी सरू बघत होती. बायजाबाईचं सगळं लक्ष आत, उशाशी ठेवलेल्या मोबाईलकडे. पोरीला काय वाटलं असेल? आईने बांध बंद केला असं वाटलं असेल. फोन करून सांगावं, तर काय सांगावं? तीस रुपयांसाठी बंद केला म्हणावं? आता हट्ट सोडून पैसे भरून यावे, असं तिने ठरवलं आणि हात धुवायला उठली.

तेवढ्यात हितेश पेणहून आला. हातात पेढ्यांचा पुडा. बाहेर पाठवायच्या मूर्तींची ऑर्डर त्याने दिवाळीत घेतली होती. परदेशातली मराठी मंडळी भाद्रपदातले गणपती आधीच मागवतात, कारण माल जहाजाने जातो आणि पोहोचायला वेळ लागतो. भाव डॉलरमध्ये ठरला होता. पेणच्या दलालाने आज अर्ध्या मालाचे पैसे आजच्या दराने दिले होते आणि दिवाळीच्या मानाने चांगली रक्कम वर आली होती. शिवाय परदेशातल्या गिऱ्हाइकांनी आणखी दोनशे मूर्ती मागितल्या होत्या.

"काय केलं नाय आपण, बसल्या जागी मिळाले," हितेश पेढा तिच्या हातावर ठेवत म्हणाला. "डॉलर चढला ना."

बायजाबाईने पेढा तोंडात घातला नाही. "कुठला डॉलर?"

"कुठला म्हणजे?"

"पिंकीच्या दुकानात चढला तोच का?"

हितेशला काही उमगेना. तेव्हा तिने पासाची हकिगत सांगितली. विसाराचं ऐकून त्याला हसू फुटलं. पेढे वाटत असलेल्या सरूला हाक मारून तो म्हणाला, आमची आये आता अमेरिकेशी भांडायला निघाली. बायजाबाईने त्याला हसू दिलं. हसून झाल्यावर तिने विचारलं, "मग डॉलर चढला तर माझ्या आखणीची मजुरी का चढली नाय?"

"आये, मजुरी रुपयांत हाय."

"मूर्ती डॉलरात गेली. मूर्तीचे डोळे मूर्तीबरोबरच गेले ना? का ते हितंच ठेवलेस?"

सरूने तोंड फिरवलं. हितेश म्हणाला की चढला तसा डॉलर उतरेलही, मग मजुरी उतरलेली चालेल का? बायजाबाई म्हणाली, चालेल. तो उतरला की पासही उतरेल, मग काय फरक पडतो. हितेशने सांगितलं की गेमवाले चढवतात लगेच, उतरवायला विसरतात. ते तिने ऐकलं, पण मानलं नाही.

"पण तुला या वयात गेम हवाय कशाला?" त्याने विचारलं. "झाडं लावायची तर परसात लाव. मी रोपं आणून देतो."

"त्या बांधापल्याड नमी हाय रे," बायजाबाई म्हणाली. "तिकडं ती रोज माझ्या झाडांना पाणी घालते. फोनवर बोलत नाय ती. पाणी घालते."

हितेश एका खोक्यावर बसला. धाकट्या बहिणीला त्याने दिवाळीनंतर फोन केला नव्हता. काय बोलावं ते सुचायचं नाही, मग कामाचं निमित्त मिळायचं. त्याने पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाला, "बाहेरच्या मूर्तींची आखणी डॉलरवर बांधली. चढली तर चढली, उतरली तर उतरली. आणि चल, पिंकीकडे जाऊन आधी तो बांध उघडू."

दोघं अंगणात आली आणि घरात मोबाईल वाजला. बायजाबाई धावत गेली. फोन नमिताचा होता. कित्येक महिन्यांत तिने आपणहून फोन केला नव्हता.

"आये, तू बरी हायस ना?" तिचा आवाज घाबरलेला होता. "सकाळपासून बांध बंद दिसतोय. मला वाटलं तुला काय झालं."

बायजाबाईने सगळं सांगितलं. बुकिंग, विसार, कंपनीला पाठवलेली तक्रार, कंपनीचं आभाराचं उत्तर आणि ते हसरं तोंड. बायजाबाईला वाटलं फोन कट झाला. मग तिला ऐकू आलं. नमिता हसत होती. हसताना लहानपणी तिचा श्वास अडकायचा तसा मध्येच अडकत होता.

"विसार?" ती म्हणाली. "आये, गेमवाल्याला विसार?"

"मग! दिलेला शब्द हाय का नाय?"

नमिता आणखी हसली आणि हसता हसता रडायला लागली. बायजाबाईने तिला थांबवलं नाही. चुलीजवळ बसून ती नुसतं "व्हय गो, व्हय" म्हणत राहिली. मग नमिता बोलली. दवाखान्यातलं बोलली, घरी आल्यावरचं बोलली, बाळासाठी शिवलेल्या झबल्याचं बोलली. दारात उभ्या हितेशने चुलीतली लाकडं मागे ओढली, कारण दुपारच्या चहासाठी ठेवलेल्या आधणातलं पाणी आटून भांडं तडतडू लागलं होतं.

बऱ्याच वेळाने त्याने हात पुढे केला तेव्हा आईने मोबाईल त्याच्याकडे दिला. त्याला वाटलं होतं, आपल्याला जमणार नाही. पण तो सरळ कामाचंच बोलला. "नमे, दोनशे मूर्ती वाढल्यात. आयेनं आज तीन बिघडवल्या. तू लग्नाआधी आखणी करायचीस तशी हमरापुरात आता कोण करत नाय. येतेस का? मजुरी डॉलरवर देतो."

नमिताने विचारून सांगते म्हटलं. संध्याकाळी सीताबाईंचाच फोन आला. म्हणाल्या, आज पोरगी घरात हसताना ऐकली, मी पदर डोळ्याला लावला. घेऊन जा तिला महिनाभर, तुमचा जावई मी सांभाळते. बायजाबाईने त्यांना पेढ्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, इकडे पाठवा.

दोन दिवसांनी नमिता सकाळच्या गाडीने हमरापूर स्टेशनवर उतरली. हितेश घ्यायला गेला होता. वाटेत पिंकीच्या दुकानापाशी त्याने गाडी थांबवली आणि राहून गेलेला पास भरू का म्हणून विचारलं. नमिता म्हणाली, "मी हितं असताना कशाला? डॉलर उतरू दे, मग बघू."

पहिल्या दिवशी तिला रेघ जमेना. बायजाबाईने तिला आधी लहान मूर्ती दिल्या, डोळ्याची वरची रेघ तेवढी काढायला सांगितली. चौथ्या मूर्तीला रेघ सरळ आली. आठवड्याने ती पुरी नजर काढू लागली. जेवताना ती गप्प बसायची, तसं कुणी टोकायचं नाही. कधी कुंचला ठेवून शेडबाहेर जाऊन उभी राहायची आणि परत यायची.

एका दुपारी दलालाचा फोन आला. बोलून झाल्यावर हितेश आत आला आणि म्हणाला की डॉलर थोडा घसरला. बोलीप्रमाणे आजपासून आखणीची मजुरी नगामागे एक रुपया कमी.

बायजाबाई मान डोलावणार होती. ती शब्दाला पक्की होती. पण नमिताने मान वर न करता विचारलं, "दादा, आयेची मजुरी वाढवलीस ती कधी?"

"बोलणं झालं त्याच दिवशी."

"आणि डॉलर चढला कधी?"

"तो... दिवाळीपासून चढत होता."

"म्हणजे चढताना तू तीन महिन्यांनी चढवलीस. उतरवताना मात्र फोन ठेवायच्या आत." तिने कुंचल्याचं टोक ओठांशी नेऊन बारीक केलं. "त्या गेमवाल्याचा भाऊच शोभतोस."

सरू खो खो हसली. बायजाबाईने हितेशकडे बघितलं. हितेश डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, या महिन्यात राहू दे जुनाच भाव, पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात.

"पुढच्या महिन्यात मी हाय की हितं," नमिता म्हणाली. "सासूबाईंना विचारलंय मी. दोनशे मूर्ती पुऱ्या झाल्याशिवाय जात नाय."

आईला तिने हे आतापर्यंत सांगितलं नव्हतं. बायजाबाईने आपला पाट थोडा सरकवला, नमिताला उजेड जास्त मिळावा म्हणून, आणि पुढची मूर्ती उचलून लेकीसमोर ठेवली.